यादीत नसलेला साकव

"रडतंय ते जगतंय गो. त्याला ठेव तिकडं. गप हाय त्याला आधी बघ."

बाईजाचा हा आवाज गिरजानं ऐकला त्याला तेरा वर्षं झाली. बाईजा बेहेडपाड्याची सुईण. तिला जाऊनही आता पाच पावसाळे उलटलेत. पण आवाजाचं काय असतं, माणूस जातं आणि तो घरच्या माणसासारखा मागं राहतो. ताटावर बसल्यावर, वाटेनं चालताना, कधीही बोलतो.

ते साल एक्क्याण्णव. गिरजा तेव्हा संस्थेत नवी होती, लागून तीन महिने झाले होते. डोळखांबच्या वर, ओढ्यापलीकडच्या बेहेडपाड्यावर एक बाई अडली होती आणि गिरजा नुसती बघायला, शिकायला गेली होती. जुळं निघालं. पहिल्यानं बाहेर येताच असा टाहो फोडला की दारातली कुत्री उठून बसली. गिरजानं त्याला फडक्यात गुंडाळलं आणि हसत, डोळे पुसत त्याच्याकडंच बघत बसली. दुसरं बाईजाच्या तळव्यावर निळं, मुकं पडलं होतं, तिकडं तिचं ध्यानच नव्हतं. तेव्हा बाईजा ओरडली. मग ती त्या मुक्या जिवाला चोळत राहिली, फुंकत राहिली, आणि बऱ्याच वेळानं ते मांजराच्या पिल्लासारखं शिंकलं.

नंतर ओट्यावर कोरा चहा पिताना बाईजा म्हणाली, "माणसाचा कान रडणाऱ्याकडं जातो. जाऊ दे. हात मात्र गप्प्याकडं जायला पायजे. ध्यानात ठेव."

गिरजानं ध्यानात ठेवलं. ठेवलं म्हणजे वाक्य ठेवलं.

*

दोन हजार चारचा चैत्र. संस्थेचं बिऱ्हाड डोळखांबच्या कौलारू घरातून उठून शहापूरच्या बाजारपेठेत, सिमेंटच्या दुकानाच्या माडीवर आलं होतं. जुनी हिरवी पाटी भिंतीकडं तोंड करून उभी होती. नवी अजून रंगायला गेलेली होती. दारावर काहीच नव्हतं. कुणी पत्ता विचारला की "सिमेंटवाल्याच्या वर" एवढंच सांगायचं.

"बारसं झालं नाय त्या पोराला हाक काय मारायची?" धाऊदादा म्हणाला. धाऊदादा संस्थेचा सगळ्यात जुना माणूस. जीप चालवायची, बांबू आणायचे, रोपं वाहायची, मीटिंगला सतरंजी घालायची, आणि कुणी विचारो न विचारो, आपलं मत द्यायचं.

संस्था कमळताईंची. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी ती काढली आणि पंधरा वर्षं पदराला गाठ मारावी तशी सांभाळली. गेल्या साली शिमग्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. मग विश्वस्तांनी ठरवलं की कल्याणच्या मोठ्या संस्थेत आपली लहान संस्था मिळवून टाकायची. कागद अजून पुरे झाले नव्हते, पण हुकूम यायला लागले होते.

"साखरपुडा झालाय," धाऊदादा म्हणे, "लगीन नाय, पण सासर चालू."

सासरहून आलेल्या बाई म्हणजे प्रियांका मॅडम. तीस वर्षांची, रोज कल्याणहून येणारी, हातात रंगीत कार्डांचा गठ्ठा. माणूस वाईट नव्हती. डबा सगळ्यांत बसून खायची, गिरजाच्या करवंदाच्या लोणच्याची फोड हक्कानं उचलायची, आणि फोन ठेवला की कपाळावर हात मारून म्हणायची, "मलाच रोज नवीन सांगतात हो. काल जे सांगितलं ते आज नाही."

जून उजाडायच्या आत एकच गोष्ट ठरवायची होती. संस्थेची कामं सात. बालवाडी, रोपवाटिका, झऱ्यांची डागडुजी, सुईणींची बैठक, रात्रशाळा, बचत गट, परसबाग. यातली तीन ठेवायची. बाकी चार "सध्या थांबवायची".

सातांची सात कार्डं भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यावर नवी मोठी नावं आली. झरे आणि रोपं 'नैसर्गिक संसाधन' झाली. बालवाडी 'शिक्षण' झाली. पण बालवाडीतली खिचडी 'पोषण' होती, म्हणून तिचं आणखी एक कार्ड समोरच्या भिंतीवर गेलं. गिरजा तेरा वर्षं एकच बालवाडी चालवत होती, ती आता दोन भिंतींवर समोरासमोर उभी. आठवड्यानं मोठी नावं पुन्हा बदलली, खिचडीचं कार्ड गळलं आणि कार्डं खाली काढून परत लावताना रात्रशाळा सुईणींच्या शेजारी गेली ती तिथंच राहिली. कुणी हलवली नाही, कारण ती तिथं का आहे हे कुणालाच सांगता येईना आणि का नसावी हेही.

गिरजाच्या वहीत खाडाखोड इतकी झाली की पान उन्हात धरलं तर पलीकडचं दिसावं. ती प्रत्येक मीटिंगला पहिल्या ओळीत बसे, सगळं लिहून घेई, आणि जिना उतरताना तिच्या हाती काही लागत नसे. ओंजळीत चिखलपाणी धरावं तसं. निवळायची वाट बघावी तोवर बोटांतून गेलेलं.

मीटिंगांत आवाज चढू लागले. रोपवाटिकेचा अनंता तर उभाच राहिला. "मॅडम, रोपं पिशवीत हायत. माणसाला सांगता येतं सध्या थांब. रोपाला कसं सांगायचं? त्याला कुठल्या भाषेत पत्र लिहू?"

बचत गटवाल्या बायका मुरबाडहून, धसईहून एसटीनं येऊन बसल्या. रात्रशाळेचे मास्तर अर्ज घेऊन आले. जो तो आपलं लेकरू पुढं करत होता आणि लेकरू टाहो फोडत होतं. मॅडम कधी या कार्डावर लाल ठिपका लावी, कधी त्या कार्डावर. संध्याकाळी ठिपके मोजले तर सातही कामं तितकीच निकडीची निघत.

त्या गलक्यात एका दुपारी सतरंजी गुंडाळता गुंडाळता धाऊदादानं गिरजाला हळूच विचारलं,

"गिरजे, साकव कुठल्या कार्डात गो?"

गिरजानं भिंतीकडं पाहिलं. सात कार्डं, तीन मोठी नावं, एकवीस लाल ठिपके. साकव नव्हता.

*

साकव कुठल्याच कार्डात असणार नव्हता, कारण तो कधी 'काम' नव्हताच. त्याची फाइल नव्हती, त्याचा अहवाल नव्हता. वैशाख लागला की कमळताई म्हणायच्या, "धाऊ, बेहेडपाडा," आणि धाऊदादा जीपमध्ये बांबू आणि काथ्याचे दोर भरायचा. एवढंच त्याचं कागदपत्र.

बेहेडपाड्याचं निम्मं माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, ते आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की, एकेक करून परततं. वैशाखात पाड्यावर म्हातारी माणसं आणि थोड्या बायका. ओढा तेव्हा कोरडा, दगडांवरून पोरंही पळत जातात. पण आषाढात तोच ओढा पाड्याला तीन-तीन दिवस कुलूप लावतो. म्हणून पाणी यायच्या आधी साकव बांधायचा. दोन ऐनाचे लांब वासे या खडकावरून त्या खडकावर, वर आडवे बांबू, धरायला एका बाजूनं कठडा, आणि दोराच्या शंभर गाठी. दोन दिवसांचं काम. दिवाळीनंतर सोडवायचा आणि वासे पाड्यावरच्या जनीच्या सासरच्या पडवीत ठेवायचे, पुढल्या साली पुन्हा. गाठी आवळताना बायका म्हणत,

बांधा गं साकव, आवळा गं गाठ
ओलांडू दे वाट लेकुरांना

आणि कमळताई पदर खोचून, आवाज लागत नसतानाही, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणत.

गेल्या साली ताई नाशिकला गेल्या आणि वैशाखात कल्याणहून पहिलं पत्र आलं. सगळ्या पाड्यांचा सर्वे. एकेका पाड्याला नव्वद प्रश्न. महिन्याच्या आत. बाकीचं सगळं नंतर.

"साकवाचं काय?" धाऊदादानं तेव्हाही विचारलं होतं.

"आठ दिवसांनी बघू," गिरजा म्हणाली होती.

पाड्यावरच्या तीन म्हाताऱ्यांनी विचारलं, त्यांनाही तिनं तेच सांगितलं. "आठ दिवसांनी येतो. बांबू घेऊनच येतो." ती माणसं वासे पडवीतून काढून ओढ्याकाठी ठेवून वाट बघत बसली. संस्थेनं येतो म्हटलं म्हणजे येणार. बारा वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

आठाचे सोळा झाले. गिरजा दिवसाला दोन पाडे पालथे घालत होती. बेहेडपाड्याचा फॉर्म तिनं करवंदीच्या सावलीला बसून भरला. त्रेसष्टावा प्रश्न होता: पाड्यावर जाण्यासाठी पूल अथवा साकव आहे का? आहे, नाही. गिरजाची पेन्सिल क्षणभरही थांबली नाही. तिनं 'आहे'पुढं खूण केली. ओढा समोर होता. ओढ्यावर काही नव्हतं. पण तिच्या मनात बेहेडपाडा म्हटला की साकव होताच, जसं कपाळ म्हटलं की कुंकू. डोळ्यांनी नाही बघितलं तिनं, सवयीनं बघितलं.

मग एका रात्रीत ओढा भरून आला.

आषाढात जनीला कळा लागल्या. पहिलटकरीण. झोळीत घालून चौघांनी तिला ओढ्यापर्यंत आणलं आणि पाणी उतरायची वाट बघत करंजाच्या झाडाखाली धरून बसले. दुपार गेली. जनी तिथंच मोकळी झाली. मूल रडलं नाही. गप्प्याकडं जाणारे हात त्या काठावर नव्हते, आणि ज्या दवाखान्यात असते तो पल्याड होता.

पंधरा दिवसांनी गिरजा भेटायला गेली तेव्हा जनी दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "साकव का नाय बांधला औंदा, गिरजाबाय?"

गिरजाच्या तोंडून निघून गेलं, "वरून नाय म्हटलं गो. कल्याणवाल्यांनी."

एवढंच वाक्य. जनीनं मान हलवली आणि तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला.

*

धाऊदादानं विचारलं त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर गिरजा मॅडमच्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, आठवं कार्ड लावता येईल का?"

"आठवं?" मॅडमनं डोळे मिटले. "गिरजाताई, सातांची तीन होईनात माझ्याच्यानं. कसलं?"

"साकव. बेहेडपाड्याचा. दोन दिवसांचंच काम असतं. पण वैशाखातच लागतं."

मॅडमनं नकार दिला नाही. ती खरंच उठली, कपाटातून सर्वेचं बाड काढलं. "नवीन काम घालायचं तर गरज सर्वेत दिसली पाहिजे, असा नियम आलाय. बघू. बेहेडपाडा… बेहेडपाडा… हे काय." तिनं बोट ठेवलं. "इथं तर साकव 'आहे' म्हटलंय. खाली सही तुमचीच आहे ना?"

गिरजानं वाकून पाहिलं. पेन्सिलीची खूण, तिच्याच हातची, चांगली ठसठशीत.

"हो," ती म्हणाली. "माझीच."

"मग आहे की नाही?"

प्रश्न इतका साधा होता. गिरजाच्या डोक्यात मात्र सगळं एकात एक गुंतलं. आहे म्हणावं तर नाही. नाही म्हणावं तर कधीपासून नाही? आणि मग ही खूण कुणाची? आणि आषाढात काय झालं? एक धागा ओढला की पातळ उसवत जावं तसं पुढचं पुढचं दिसायला लागलं.

"बघते," ती म्हणाली. "विचारून सांगते."

मॅडमनं बाड बंद केलं. "नाहीतरी शुक्रवारी आपण बेहेडपाड्यावर चाललोच आहोत. मी ठरवलंय, आता लोकांनाच विचारायचं. त्यांना जे पहिलं वाटेल ते पहिलं. म्हणजे आपली डोकेफोड संपली."

जिना उतरताना धाऊदादा पायरीवर बसलेला. "सांगितलंस?"

"सांगते ना."

"कधी? आठ दिवसांनी?"

धाऊदादानं टोपी काढून झटकली, परत घातली. "मी बांबू बघून ठेवलेत," तो म्हणाला. "पण आता कुणाच्या नावानं तोडू? ताईंच्या, कल्याणवाल्यांच्या, का सिमेंटवाल्याच्या?"

*

शुक्रवारी जीप डोळखांबच्या पुढं, रस्ता संपतो तिथं थांबली. तिथून चालत. ओढा कोरडा होता. मॅडम दगडांवरून जपून पाय टाकत मध्यावर आली आणि म्हणाली, "अय्या, किती सुंदर आहे इथं. पाणी असतं का याला?"

"असतं," धाऊदादा म्हणाला, आणि पुढं चालायला लागला.

गिरजानं मान वर केली नाही. उजव्या अंगाला करंज होता.

पाड्यावर अकरा बायका जमल्या. आंब्याखालची जागा झाडून ठेवलेली. जनीही आली होती. या साली ती भट्टीवर गेली नव्हती. ती थोडी मागं, आंब्याच्या मुळीवर बसली.

मॅडमनं सात चित्रं मातीवर ओळीनं मांडली. मुलं, रोप, झरा, सुईण, कंदील, पेटी, भाजीचा वाफा. मग प्रत्येकीच्या हातात दहा दहा चिंचोके दिले.

"हे बघा मावशी," ती हात जोडल्यासारखी म्हणाली, "ज्या कामाची तुम्हाला जास्त गरज, त्या चित्रावर जास्त चिंचोके. नको असलेल्यावर अजिबात टाकायचे नाहीत. एवढंच. खेळ आहे समजा."

"चिंचोक्यांचा खेळ ठाऊक हाय आमाला," एक म्हातारी म्हणाली. "जिंकणाऱ्याला काय?"

हशा पिकला. पहिली बाई उठली, दहाच्या दहा झऱ्यावर टाकून आली. मॅडमचा चेहरा उजळला. दुसरी उठली. तिनं चित्रांवरून नजर फिरवली, मुलांवर चार टाकले, उरलेले कंदिलावर आणि सुईणीवर. तिसरी वाकली ती वाफ्यापाशी. तो मोकळाच होता. चौथीनं रोपावर ठेवले, बोटानं नीट सारखे करून. त्यानंतर बायका उठायच्या आधीच लांबून बघत आणि जिथं कमी तिथं जात. "अगो, पेटी बघ, पेटी उघडी पडलीय," मागून एकीनं सुचवलं, आणि जिची पाळी होती तिनं तीन चिंचोके पेटीवर ठेवले.

मॅडमनं मोजले. पाच चित्रांवर चौदा चौदा. दोनांवर पंधरा पंधरा.

तिनं पुन्हा मोजले.

"मावशी," तिचा आवाज पार बारीक झाला, "सगळ्यांना सारखेच कसे?"

म्हातारीला प्रश्नच कळेना. तिनं गिरजाकडं पाहिलं, ही काय विचारतेय गो, अशा नजरेनं. मग मॅडमला समजावून सांगितलं, पोराला सांगावं तसं.

"भाताची आवणी झाली ना बाय, की आठ-दहा दिवसांनी आमी परत शेतात उतरतो. कुठं रोप मेलं, कुठं खेकड्यानं खाल्लं, तिथं नांगं पडतं, उघडी जागा. तिथं दुसरं रोप खोवायचं. नांगं दिसलं की हात जातोच. शेत उघडं टाकून घरी कोण जातं?"

"पण यातली चार सोडायचीच आहेत."

"कुणी सांगितलं?"

"वरून."

"वर कोण हाय?"

मॅडमनं तोंड उघडलं. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती बसकण मारून तिथंच मातीत बसली, बायकांच्या ओळीत, आणि चित्रांकडं बघत म्हणाली, "मलाही नीटसं माहीत नाही हो मावशी."

बायका हसल्या, पण मायेनं. कुणीतरी तिच्याकडं पाण्याचा तांब्या सरकवला.

गिरजा मात्र मोजत होती. पाच चौदा सत्तर, दोन पंधरा तीस. शंभर. बायका अकरा. दहा चिंचोके कमी होते.

मॅडमच्याही ते ध्यानात आलं. "कुणाचे राहिलेत का टाकायचे?"

आंब्याच्या मुळीवरून जनी बोलली. "माझे हायत."

"मग टाका ना."

"माझं चित्र नाय त्यात."

"कुठलं चित्र?"

"साकवाचं."

वारा नव्हता, तरी एक पान गिरकी घेत खाली आलं. मॅडमनं वहीतून मान वर केली. "साकव? पण साकव तर…" ती गिरजाकडं वळली. "गिरजाताई, तुम्ही विचारून सांगणार होतात ना?"

उत्तर जनीनंच दिलं; रागानं नव्हे, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी.

"ती काय सांगणार? तुमच्याच लोकांनी नाय म्हटलं गेल्या साली. कल्याणवाल्यांनी. ओढा भरला, मी या काठाला, दवाखाना त्या काठाला. पोर गेलं माझं. आता चित्रं कशाला दाखवताव?"

"जने," म्हातारीनं दटावलं. "पावण्या बाईला असं बोलू नको."

"बोलत नाय. इचारतेय. आन दोष तरी कुणाला देऊ? माझंच चुकलं. आदल्या दिवशी पाठ भरून आलेली तेव्हाच निघायला पायजे होतं. सासू म्हणत होती, निघ. मीच म्हटलं, बघू उद्या."

मॅडम उठली, चित्रांना वळसा घालून जनीपर्यंत गेली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली.

"मी तेव्हा इथं नव्हते," ती म्हणाली. "असं पत्र मी फाइलमध्ये पाहिलेलं नाही. पण फोनवर कुणी सांगितलं असेल. आमच्याकडे असे गोंधळ होतात, कोण काय सांगतं, कुणाला पत्ता नसतो. चूक आमचीच असणार. ताई, मी… आमच्या सगळ्यांच्या वतीनं तुमची माफी मागते."

आणि तिनं खरंच हात जोडले.

जनी गोंधळून तिच्या हातांकडं बघत राहिली. तिची मूठ अजून मिटलेली होती.

गिरजाला वाटलं, झालं. मिटलं. कुणीतरी माफी मागितली, कुणीतरी ऐकली. फोनवर सांगितलं असेल, हे मॅडमनंच म्हटलं. आपण नुसती मान हलवायची. आठवं कार्डही आता लागेल, जनी बोललीच आहे. धाऊदादा बांबू तोडेल. सगळ्या उघड्या जागा भरल्या. पुढल्या साली कुणी विचारणारही नाही.

आंब्याखाली सगळ्या एकदम बोलायला लागल्या होत्या. म्हातारी जनीला समजावत होती, कुणी मॅडमला उठवत होतं, एकजण गेल्या सालच्या पाण्याची उंची हातानं दाखवत होती. त्या सगळ्या आवाजांत गिरजानं जनीकडं पाहिलं. जनी गप्प होती. पाठ भरून आली तेव्हाच निघायला पाहिजे होतं, हे तिनं दहा महिने स्वतःला सांगितलं असणार. दळताना, पाणी भरताना, ओढ्याकाठून परत आणून पडवीत टाकलेले वासे बघताना.

गप हाय त्याला आधी बघ.

गिरजा उठली. धाऊदादा झाडाला टेकून उभा होता, त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, हात खाली घ्या," गिरजा म्हणाली. "तुमी कशाला जोडताव?"

बायका थांबल्या.

"त्या फॉर्मवरची खूण माझी हाय. साकव नव्हता तरी 'आहे' म्हणून मी केली. ओढ्यासमोर बसून केली. का केली, मला अजून कळत नाय. या म्हाताऱ्या माणसांना आठ दिवसांनी येतो सांगितलं, तेही मीच. माझ्या भरवशावर ती वासे काढून बसली. मी फॉर्म भरत फिरले."

"गिरजाताई," मॅडम पुटपुटली, "पण वरून नाही म्हटलं होतं ना?"

गिरजा चित्रांच्या ओळीतून सरळ गेली. तिच्या पावलानं झऱ्यावरचे चिंचोके विखुरले. ती जनीसमोर बसली, मातीत, अगदी जवळ. जनीच्या डोळ्यांत बघायला तिला वेळ लागला.

"कुणी नाय म्हटलं नव्हतं, जने," ती म्हणाली. "मी विचारलंच नव्हतं."